ही पेटी खाली ठेवणे

विनोदिनीबाईंच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे देवासच्या मराठी मंडळात कुणीही तुम्हाला सांगेल, आणि सांगताना हसेल. बाई चिडली की हसून घ्यायचं, म्हणजे ती कशावरून चिडली ते विचारायची वेळ येत नाही. आपल्याकडची ही सोय फार जुनी आहे. म्हणूनच नव्व्याण्णव सालच्या गणपतीत काय झालं, ते क्रमानं सांगायला हवं.

बाईंचं माहेर धारचं. आजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून, वडील शाळामास्तर. संस्थान गेलं, दप्तर गेलं, त्या घरातली मराठी मात्र हलली नाही. आजूबाजूला सगळे माळवी नाहीतर हिंदी बोलणारे, तरी घरातलं पत्र 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असंच सुरू व्हायचं. लग्न होऊन विनोदिनीबाई देवासला माधवरावांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आल्या, एका शाळेत संगीत शिकवू लागल्या, आणि मंडळाच्या नोटिसा हिंदीत निघतात हे पाहून पहिल्याच वर्षी भांडल्या. तेव्हापासून मंडळाच्या फळ्यावर मराठी लिहिलं जाई, आणि त्यातले ऱ्हस्वदीर्घ त्या जाता-येता खडूनं दुरुस्त करत.

त्या गिटार वाजवत. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून स्टीलची नळी घसरवत वाजवतात ती हवाईयन गिटार. सतारीचे मास्तर धारच्या दुसऱ्या टोकाला राहायचे आणि गिटारचे मास्तर शेजारच्याच घरात, एवढ्याच कारणानं वडिलांनी त्यांना गिटार शिकवली. हात असा बसला की गळ्यातून निघावी तशी मींड तारेतून निघायची. मंडळाच्या ऑर्केस्ट्रात त्या बारा वर्षं वाजवत होत्या. गाणारे बदलले, ढोलकीवाले बदलले, बाई होत्याच.

गिटारच्या आवाजाला वळण द्यायला त्यांच्याकडे पायानं दाबायचे चार पेडल होते. ऑर्केस्ट्रात त्यांना सगळे डबे म्हणत. एक आवाज घुमवणारा, एक थरथरवणारा, एक खरखरवणारा, आणि एक आवाज लहानमोठा करणारा. घुमवणारा माधवरावांनी इंदूरहून आणला होता. बाकीचे तीन धारच्या यशवंतरावांनी घडवले होते. हे यशवंतराव पोलीस वायरलेसमधून निवृत्त होऊन घरीच रेडिओ दुरुस्त करत. खरखरीचं सर्किट त्यांनी विजेच्या स्विचबॉक्समध्ये बसवलं आणि आवाजाचं बटण शिलाई मशीनच्या मोटरच्या पायपट्टीत. दिसायला सगळं भंगार. पण एकेका डब्यासाठी बाई महिनाभर दर रविवारी बसनं धारला गेल्या होत्या. 'अजून थोडं कमी, यशवंतराव', 'आता फार गोड झालं' असं करत करत तो आवाज त्यांनी स्वतःच्या कानानं उतरवून घेतला होता.

गणपतीच्या कार्यक्रमात मूर्ती त्याच मंचावर असते, म्हणून सगळे वादक अनवाणी बसत. मांडीवर गिटार, खाली साडीचा घेर, पायाशी काय आहे ते बाईंना दिसायचं नाही. दिसायची गरजही नव्हती. चारही डबे त्यांना पायाच्या अंगठ्यानं ओळखता येत. पावसाळी हवेत त्यातला एखादा चावायचा, म्हणजे बारीकसा झटका द्यायचा. तेव्हा बाई नुसता पाय उचलायच्या आणि पुन्हा ठेवायच्या.

ऑर्केस्ट्रा चालवत विश्वासराव. साताऱ्याकडून ऐंशी साली कारखान्यात आलेले, आता सुपरवायझर. कामाला वाघ, बोलायला गोड, आणि आपण ठरवलेली गोष्ट लोकांनी आपापल्या इच्छेनंच केली असं दाखवण्यात पटाईत. त्यांनी त्या आषाढात बाईंचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला, आणि मेव्हण्याकडून सिंगापूरहून मागवलेलं एक मशीन दिलं. चपटं, काळं, पायाशी ठेवायचं, वर दोन बटणं आणि लाल आकडे. एकाच डब्यात सगळे परिणाम.

"छत्तीस आवाज आहेत यात, वहिनी," विश्वासराव माइकवरून म्हणाले. "तुमच्या चार डब्यांच्या नऊ पट. आता ती तारांची जत्रा बंद. ते डबे द्या टाकून."

टाळ्या पडल्या. बाई शाल पांघरून उभ्या होत्या आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बारा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, बाई, तुम्हाला काय हवं? आता तर विचारायची जागाच नारळानं अडवली होती. ज्याचं तोंड बंद करायचं असेल त्याचा सत्कार करावा, हे विश्वासरावांना बरोबर कळलेलं होतं.

"वाजवून बघते," बाई म्हणाल्या. "गणपतीच्या आधी सांगते."

आणि त्यांनी खरोखर वाजवून पाहिलं. चिडका माणूस अन्यायीच असतो असं समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तीन आठवडे रोज शाळेतून आल्यावर त्या एकेक आवाज लावून बसत आणि वहीत लिहीत. मशीन चावत नाही. गुणगुणत नाही. एका मिनिटात तयार होतं, डब्यांना पंधरा लागतात. तार सुरात आहे की नाही, तेही सांगतं. घुमणं तर फारच स्वच्छ, आपल्या डब्यापेक्षा कितीतरी चांगलं. हे सगळं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं.

मग दुसरं पान. तीन नंबरवरून सात नंबरवर जायचं तर बटण चारदा दाबायचं, मधले तीन आवाज नको असताना डोकावून जातात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज बदलताना मशीन क्षणभर मुकं होतं. पेटीवाल्याला ते चालेल. पण मींड एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वाहत जात असते. डब्यांमध्ये खरखर बंद केली तरी आधीच्या सुराची घुम मागे रेंगाळत राहते. मशीनमध्ये सुरीनं कापावा तसा सूर तुटायचा. बाईंनी चाळीस वेळा करून पाहिलं, चाळीस वेळा तुटला.

शेवटी त्यांनी तोड काढली. मशीन एकाच आवाजावर, घुमवण्यावर, कायमचं लावून ठेवायचं. त्याच्या आधी आपले तीन डबे. घुमवणारा जुना डबा बाद. हे त्यांनी श्रावणात विश्वासरावांना सांगितलं.

"म्हणजे वस्तू चारच्या चारच राहिल्या," विश्वासराव म्हणाले. "कमी व्हाव्यात म्हणून तर मशीन आणलं ना, वहिनी. इंदूरला लग्नाची कामं घ्यायची म्हणतोय मी. तिथं शिलाई मशीनची पायपट्टी मांडून बसणार का तुम्ही?"

"वाजवणार मी आहे, विश्वासराव."

"ऑर्केस्ट्रा मी चालवतोय."

"चालवा. गणपतीत मी माझ्याच आवाजात वाजवीन, नाहीतर वाजवणार नाही."

विश्वासराव हसले. "वहिनींचा राग म्हणजे," असं बाजूच्याला म्हणाले आणि विषय बदलला.

त्यानंतर आठवड्याभरात बाईंना भाचीच्या मंगळागौरीला धारला जायचं होतं. डबे मंडळाच्या हॉलमध्ये वरच्या खोलीत, एका लोखंडी पेटीत असत. त्या खोलीचं छत गळू लागलं होतं. निघायच्या सकाळी बाई हॉलवर गेल्या, तर पेटी उचलायला कुणी नव्हतं. त्यांनी वहीतलं पान फाडलं, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ही पेटी खाली ठेवणे', सही केली, पान पेटीच्या कडीत अडकवलं आणि बस पकडली.

चौथ्या दिवशी परत आल्या. पेटी वरच होती. कडी काढली तर आत दोन डांबरगोळ्या, बाकी काही नाही.

तालीम सुरू व्हायची वेळ होती. खाली वीसेक माणसं जमलेली. बाई जिना उतरल्या त्या थेट विश्वासरावांसमोर.

"माझे डबे कुठे आहेत?"

"कसले डबे?"

"नाटक करू नका. मी ऐकलं नाही, म्हणून माझ्या पाठीमागे तुम्ही ते नाहीसे केलेत. ही चोरी आहे. सुपरवायझर असाल कारखान्यात. इथे चोर आहात."

माधवराव खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. विश्वासरावांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "अंकुर," ते म्हणाले, "दाखव काकूंना ती चिठ्ठी."

अंकुर विश्वासरावांचा पुतण्या. इंजिनियर होऊन नोकरीला लागलेला, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा. सगळं शिक्षण हिंदीतून. त्यानं खिशातून पान काढलं आणि अडखळत म्हणाला, "काकू, तुम्हीच लिहिलं ना. ये पेटी खाली रखना. तर मी खाली केली. एका भजनवालीला देऊन टाकले डबे."

मराठीत खाली म्हणजे तळाशी. हिंदीत खाली म्हणजे रिकामी. माळव्यात जन्म काढलेल्या बाईंना हे कळायला अर्धा क्षण लागला, लोकांना तेवढाही लागला नाही. सगळा हॉल हसला. ढोलकीवाला डोळे पुसेपर्यंत हसला. ज्या बाईंनी फळ्यावरचा एकेक अनुस्वार मोजला, त्यांना त्यांच्याच मराठीनं खड्ड्यात घातलं, यापेक्षा मोठी करमणूक मंडळात झाली नव्हती.

हसणं ओसरल्यावर विश्वासराव शांतपणे म्हणाले, "चार लोकांसमोर मला चोर म्हणालात, वहिनी. माफीही चार लोकांसमोरच व्हावी." त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. रविवारी, पाच तारखेला, गणपतीच्या तयारीची सभा होती. बाई उभ्या राहिल्या. "मी विश्वासरावांवर खोटा आरोप केला. त्याबद्दल मी त्यांची सर्वांसमक्ष माफी मागते," असं म्हणाल्या आणि बसल्या. घरी येऊन त्यांनी पोळ्या केल्या, त्या सगळ्या करपल्या. माधवराव करपलेल्या पोळ्या मुकाट्यानं खात होते.

"मिटलं ना आता," शेवटी ते म्हणाले.

"मिटलं नाही. डबे कुठे आहेत?" बाई म्हणाल्या. "आणि मी त्यांना चोर म्हणाले, ते माझ्या तोंडून कसं निघालं?" राग आता स्वतःवर वळला होता, आणि स्वतःवर रागावणं त्यांना येत नव्हतं. लोकांवर कसं रागवायचं हे त्यांना पाठ होतं. हे नवं होतं, आणि ते त्यांना आतून पोखरत होतं.

भजनवाली पीपलरावां नावाच्या गावची होती. देवासला लाउडस्पीकर दुरुस्तीला आली असताना दुकानात अंकुरशी ओळख झाली, आणि त्यानं डबे तिच्या हवाली केले. गणपती बसण्याच्या आदल्या दिवशी बाई अंकुरला घेऊन निघाल्या. सोनकच्छला बस बदलून पीपलरावांला पोहोचल्या. भजनवालीचं नाव सीता. चाळिशीची, शेतावरून नुकतीच आलेली, हातपाय धुवायच्या आधी तिनं गोणपाटाखालून चारही डबे काढून अंगणात मांडले.

"ले जाओ बई, थारी चीज हे," ती म्हणाली. "म्हारा से तो एक ही चला. ये वाला." तिनं घुमवणारा डबा दाखवला. त्यात ती माइक लावून भजनं म्हणत होती. विनोदिनीबाईंनी तिला विचारलं, हा हवा आहे का तुम्हाला? सीता आधी नको म्हणाली, मग हवा म्हणाली. बाईंनी तो तिच्याकडेच ठेवला. त्यांना तो नकोच होता, हे त्यांनी वहीत कधीच लिहिलेलं होतं. बाकीच्या तिन्हींची बटणं कुणीतरी गरागरा फिरवून ठेवली होती. फिरवू दे. आवाज कानात होता.

परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बाईंनी अंकुरची शाळा घेतली. "मराठीत खाली म्हणजे काय, हे तुला घरात कुणी शिकवलं नाही?"

"मालूम है ना काकू," अंकुर म्हणाला. "आई रोज म्हणते, खाली बसून जेव. म्हणून तर मला डाउट आला. मी काकांना जाऊन विचारलं, नीचे ठेवायची की रिकामी करायची."

बाईंचे हात पिशवीवर थांबले. "मग?"

"ते म्हणाले, रिकामी कर."

"त्यांनी चिठ्ठी वाचली?"

"हो. हातात घेऊन. दोन बार वाचली."

बस टोंक खुर्दच्या आसपास खड्ड्यांतून चालली होती. बाई खिडकीबाहेर सोयाबीनच्या शेतांकडे बघत राहिल्या. साताऱ्यात जन्मलेला माणूस, ज्याच्या घरात आजही हिंदीतलं वर्तमानपत्र येत नाही, तो 'खाली ठेवणे' दोनदा वाचतो आणि रिकामी कर म्हणतो.

"हे तू त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

अंकुर ओशाळला. "सगळे हसून राहिले होते. काका म्हणाले, तू चूक आपल्यावर घे, बात खतम. और मुझसे किसी ने पूछा भी नहीं, काकू."

त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. पण आठवडाभर स्वतःवर वळलेला बाईंचा राग आता फिरला होता. आपला राग खोटा नव्हता. खोटी होती ती माफी, आणि ती उभं राहून, शुद्ध मराठीत मागितलेली होती. याचं त्यांना इतकं लागलं की घरी जाऊन त्यांनी जेवणच केलं नाही. माधवरावांना सगळं सांगितलं. माधवराव म्हणाले, "मी तुझ्या जवळ बसतो कार्यक्रमाच्या दिवशी. मंचाजवळ." बारा वर्षांत हे पहिल्यांदाच ते म्हणाले होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आरती झाली, पडदा सरकला. हॉल भरलेला होता. बाईंनी चपला बाहेर काढल्या, गिटार मांडीवर घेतली, पायाशी तीन डबे मांडले आणि त्यांच्यापुढे ते काळं मशीन, एकाच आवाजावर लावलेलं. तीन दिवस बसून त्यांनी बटणं कानानं पुन्हा जागेवर आणली होती.

विश्वासराव माइक घेऊन पुढे आले. डबे त्यांना दिसले. क्षणभर ते थबकले, मग सराईतपणे हसले. "आपल्या विनोदिनीवहिनी," ते लोकांना म्हणाले, "यांची पेटी भरली आहे की खाली, हे विचारायची माझी काही हिंमत नाही." हॉल पुन्हा हसला. महिन्याभराची करमणूक एका वाक्यात पुन्हा हाती लागली होती.

बाईंनी गिटार बाजूला ठेवली, उठल्या आणि माइकसाठी हात पुढे केला. भरल्या हॉलसमोर नाही म्हणता येईना, म्हणून विश्वासरावांनी तो दिला.

"पाच तारखेच्या सभेत मी विश्वासरावांची माफी मागितली होती," बाई म्हणाल्या. "ती माफी मी परत घेते आहे. माझी चिठ्ठी अंकुरनं चुकीची वाचली नव्हती. त्यानं ती नेऊन यांना दाखवली, आणि विचारलं, खाली म्हणजे काय. यांनी दोनदा वाचली. यांनी ती बरोबर वाचली होती. आणि सांगितलं, रिकामी कर."

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना कीबोर्डकडे वळल्या. अंकुर लाल झाला, काकांकडे बघायचं टाळून त्यानं मान हलवली, हो म्हणून. पहिल्या रांगेच्या टोकाला माधवराव उभे राहिले आणि उभेच राहिले.

"वहिनी, हे आपण कार्यक्रमानंतर बोलू," विश्वासराव माइकशिवाय, हलक्या आवाजात म्हणाले.

"मला बोलायचं नव्हतं, परत घ्यायचं होतं. घेतलं." बाईंनी माइक त्यांच्या हातात ठेवला.

विश्वासरावांनी तो तोंडाशी नेला. पहिल्या गाण्याचं नाव त्यांनी सांगायचं, मग वादकांनी सुरू करायचं, ही ऑर्केस्ट्राची पद्धत. लोक वाट बघत होते. त्यांच्या तोंडून नाव निघेना. विनोदिनीबाई जागेवर बसल्या, गिटार मांडीवर घेतली, पायाच्या अंगठ्यानं पहिला डबा दाबला, आणि कुणालाही न विचारता सुरू केलं.